चिठ्ठी कुणाच्या नावाची

शर्ली जॅक्सनची ‘द लॉटरी’ ‘न्यू यॉर्कर’च्या २६ जून १९४८ च्या अंकात आली आणि त्या उन्हाळ्यात लेखिकेच्या नावाने तीनशेवर पत्रं आली. बरीचशी गोंधळलेली, काही शिव्याशाप देणारी. पण जॅक्सननेच पुढे नोंदवलेली एक गोष्ट त्या शिव्यांहून अस्वस्थ करते. हा प्रकार कुठे चालतो आणि तो बघायला जाता येईल का, अशी चौकशीही काही वाचकांनी केली होती.

कथा बहुतेकांना ठाऊक आहे. तीनेकशे वस्तीचं गाव, चौकात तीन पायांच्या स्टुलावर काळी पेटी. काळ्या ठिपक्याची चिठ्ठी ज्याला येईल त्याला गावाने दगडांनी ठेचायचं. समीक्षक शेवटच्या धक्क्याबद्दल लिहीत राहतात. मला ती धक्क्याची कथा वाटतच नाही, ती कामाच्या उरकाची कथा आहे. पेटीचा रंग उडालाय, पण नवी करायचा विषय निघाला की आपोआप बारगळतो. लाकडाच्या चकत्या गेल्या, सोयीसाठी कागद आले. पूर्वी काहीतरी म्हणत असत, तेही विसरलं. दगड तेवढे लक्षात राहिले. टेसी हचिन्सन उशिरा येते, एप्रनला हात पुसत, आज कुठला दिवस तेच विसरले म्हणत. सगळे हसतात. तिच्याशी आत्ता गप्पा मारणारी मिसेस डेलाक्रॉय थोड्या वेळाने दोन्ही हातांनी उचलावा लागेल असा धोंडा निवडते. आणि टेसीला हा अन्याय आहे हे कधी कळतं? चिठ्ठी घरात आल्यावर.

तरी या कथेशी माझं एक भांडण आहे. तिथे पेटीपुढे सगळे सारखे. चिठ्ठ्यांचा कारभार बघणारा मिस्टर समर्सही स्वतःची चिठ्ठी काढतो. त्या प्रथेतून कुणाच्या पदरात काही पडताना दिसत नाही. रूढी इतकी निःस्वार्थी असते यावर आपल्याकडच्या वाचकाचा विश्वास बसणं कठीण.

प्रेमचंदांची ‘सद्गति’ बघा. दुखी चांभार मुलीच्या सगाईचा मुहूर्त विचारायला पंडित घासीरामकडे जातो. मुहूर्त राहतो बाजूला. आधी दार झाडायचं, बैठक सारवायची, भुसा वाहायचा, मग एक गाठाळ ओंडका फोडायचा, तोही उपाशीपोटी. फुकटच्या मजुरीचा हा हिशेब प्रेमचंद आवाज न चढवता मांडतात. ओंडक्यापाशीच दुखी मरतो. प्रेत विहिरीच्या वाटेवर, ते उचलायला चांभारवाड्यातून कोणी येत नाही, आणि पंडिताने तर त्याला शिवायचं नाही. मग तो पायात दोरीचा फास अडकवून प्रेत गावाबाहेर ओढत नेतो आणि घरी येऊन अंघोळ करतो. सत्यजित राय यांच्या १९८१ च्या चित्रपटात हा पंडित मोहन आगाशे यांनी केला. ‘घाशीराम कोतवाल’मध्ये नाना फडणवीस झालेल्या नटाकडे इथे घासीराम यावा, हा योगायोग मला फार आवडतो. दोन्हीकडे माणूस वापरून टाकण्याचीच गोष्ट आहे.

चीनच्या लू शुनने १९२४ मध्ये लिहिलेल्या नववर्षाच्या नैवेद्याच्या कथेत तर दोरीही लागत नाही. शिआंगलिनची बायको ही मोलकरीण, दोनदा विधवा झालेली, मुलगा लांडग्याने नेलेला. मेल्यावर दोन नवऱ्यांत वाटणी करण्यासाठी यम तुला करवतीने चिरेल, असं कोणीतरी तिच्या मनात भरवतं. उपाय एकच, देवळाला उंबरठा दान करायचा. लोक तो तुडवतील आणि पाप फिटेल. साठवलेली मजुरी घालून ती दान करते. डोळ्यांत उजेड घेऊन परतते, पूजेच्या दिवशी हौसेने मद्याचे पेले आणायला जाते. मालकीण म्हणते, राहू दे. बस्स, एवढंच. चटका बसल्यासारखा तिचा हात मागे येतो, आणि त्या दिवसापासून ती खंगत जाते. एवढ्या हळू आवाजातला घाव कथावाङ्मयात मला फारसा आढळलेला नाही.

बाबुराव बागुलांनी हा हळू आवाज मुद्दामच टाकून दिला. ‘जेव्हा मी जात चोरली होती’ (१९६३) या कथेचं शीर्षकच सगळं सांगतं: चिठ्ठी जन्माआधीच निघालेली आहे, ती फक्त लपवता येते, आणि उघडी पडली की मार. बागुल भडक लिहितात, अशी कुरकुर अधूनमधून ऐकू येते. मार खाणारा माणूस कथा सांगत असेल तर त्याने मालकिणीच्या सुरात का बोलावं? आपल्याकडे आज लिहिल्या जाणाऱ्या कथांची अडचण वेगळीच आहे. त्यांत रूढी पाळणारा माणूस पहिल्याच परिच्छेदात खलनायक म्हणून ओळखू येतो आणि वाचक निर्धास्त होतो.

जॅक्सनशी भांडूनही तिच्याकडे परत जातो ते एका जागेसाठी. दगड सुरू व्हायच्या आधी टेसीच्या लहानग्या डेव्हीच्या हातात कोणीतरी चार खडे ठेवतं. त्याच्या मुठीत मावतील एवढेच.