कान्हेरीचे रक्षण आणि कायद्यातील व्याख्या

बोरिवलीच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानातील कान्हेरीच्या लेण्यांस १९५८ च्या प्राचीन स्मारकविषयक कायद्याचे संरक्षण आहे. भोवतालच्या वनास १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचे. तथापि या दुहेरी संरक्षणातही एक उणीव राहतेच. १९५८ च्या कायद्यातील व्याख्या स्मारकालगतची जमीन स्वीकारते, ती कुंपण, आच्छादन वा जतन यांस आवश्यक तेवढीच. २०१० च्या दुरुस्तीने १०० मीटरांच्या आत नवे बांधकाम वर्ज्य ठरविले. परंतु तेथेही जमीन ही स्मारकाची केवळ कडा मानली गेली.

कान्हेरीचे स्वरूप या दृष्टीत मावत नाही. शंभरांहून अधिक लेणी, त्यांच्यालगतच्या पोढ्या म्हणजे पाण्याची टाकी, आणि त्यांत पावसाचे पाणी आणणारे कातळातील पाट ही सर्व मिळून एकच रचना होय. पोढ्यांच्या दानांचे उल्लेख तेथील शिलालेखांतही आढळतात. या रचनेचा पुरावा लेण्यांच्या दाराशी संपत नाही. तो डोंगरउतारावर पसरलेला आहे. अशा उतारावर वनाच्याच हितासाठी आखलेली जाळरेषा किंवा खोदलेला चर तो पुरावा कायमचा नष्ट करू शकेल, आणि त्यात कोणाचाही दुर्हेतू नसेल. म्हणून प्रत्येक खोदकामापूर्वी पुरातत्त्वीय पाहणी व्हावी आणि दोन्ही खात्यांनी एकाच नकाशावरून काम करावे, हे इष्ट होय.