छप्पन्नाव्या वर्षी उभा केलेला वाद्यवृंद

लॉस एंजेलिसमध्ये मुंबईकर संगीतकाराचा विषय निघाला की नाव येतं झुबिन मेहतांचं. मला मात्र त्यांच्या वडिलांविषयी, मेहली मेहतांविषयी लिहायचं आहे. आपल्या या गावातल्या कितीतरी मुलांना त्यांनी घडवलं.

मेहलींचा जन्म 1908चा, मुंबईतल्या पारशी घरातला. व्हायोलिन बरंचसं स्वतःच्या बळावर शिकले. 1935 साली त्यांनी बॉम्बे सिम्फनी ऑर्केस्ट्रा काढला. हौशी पारशी मंडळी, चर्चच्या शाळेत नोटेशन गिरवलेले गोव्याचे वादक, फुंकवाद्यांसाठी नौदलाच्या बँडमधली माणसं अशी सगळी मोट त्यांनी बांधली. तरी शिकण्याची भूक भागेना. 1945मध्ये, सदतिसाव्या वर्षी, बायको आणि दोन लहान मुलं मुंबईत ठेवून ते न्यूयॉर्कला नामवंत व्हायोलिनशिक्षक इव्हान गलामियन यांच्याकडे शिकायला गेले. पुढे मँचेस्टरचा हाले ऑर्केस्ट्रा, फिलाडेल्फियाचं कर्टिस क्वार्टेट, आणि 1964मध्ये लॉस एंजेलिसचं यूसीएलए विद्यापीठ.

त्याच वर्षी त्यांनी अमेरिकन यूथ सिम्फनी हा तरुण वादकांचा वाद्यवृंद सुरू केला. कॉलेजात शिकणारा वादक आणि व्यावसायिक वाद्यवृंद यांच्यातलं अंतर या मुलांनी इथे कापायचं होतं. म्हणून मेहलींनी त्यांच्यासमोर माहलर, ब्रुकनर यांच्या भारदस्त सिम्फनी ठेवल्या. ते स्वतः व्हायोलिनवादक, याचं महत्त्व फार. गज खाली ओढला की स्वराला वजन येतं, वर नेला की तो हलका सुटतो. रांगेतल्या सगळ्यांचे गज एका दिशेनं चालले नाहीत तर वाक्य फुटतं, आणि ते नेमकं कुठे फुटलं हे हातात गज धरलेल्या माणसाला चटकन कळतं.

यूसीएलएच्या रॉइस हॉलमधले या वाद्यवृंदाचे कार्यक्रम विनामूल्य असत. मला याचं मोल सर्वांत जास्त वाटतं. परदेशात आपण कला जपतो ती बहुधा आपल्या मुलांपुरती, मेहलींनी मात्र वादक आणि श्रोते दोघांनाही दार सताड उघडं ठेवलं. तेहतीस वर्षांहून अधिक काळ, 1998पर्यंत, नव्वदीच्या उंबरठ्यावर येईतो त्यांनी हा वाद्यवृंद चालवला. त्यांच्या हाताखालची कितीतरी मुलं पुढे व्यावसायिक वाद्यवृंदांत गेली. 2002मध्ये ते इथेच, लॉस एंजेलिसमध्ये वारले.

मुंबईत 1995पासून त्यांच्या नावाचं मेहली मेहता म्युझिक फाउंडेशन आहे. लहान मुलांना तिथे पाश्चात्य संगीत पद्धतशीर शिकवलं जातं. मेहलींना त्यासाठी न्यूयॉर्क गाठावं लागलं होतं.