खुंट, कव आणि संदर्भसजग यंत्रे

'संदर्भ' हा शब्द साहित्यसमीक्षेत जेवढा झिजला आहे, तेवढाच आता संगणकशास्त्रात झिजू लागला आहे. फोन तुम्ही कुठे आहात ते ओळखतो, घड्याळ तुम्ही चालता की झोपता ते ओळखते, आणि जाहिराती याला 'संदर्भ समजणे' म्हणतात. या शब्दामागे तीसेक वर्षांचे गंभीर संशोधन आहे. त्याच्या शेजारीच 'सहकार्य करणाऱ्या एजंटां'वरचे दुसरे संशोधन उभे आहे. दोन्हींकडे कौतुकाने पाहणारे पुष्कळ आहेत. मी ते वाचले मढच्या कोळीवाड्याशेजारी राहून, त्यामुळे मला ते डोळीच्या मासेमारीला लावून पाहावेसे वाटले. तो ताळा या लेखात मांडतो.

आधी संदर्भाची गोष्ट. १९९२ साली केंब्रिजच्या ऑलिव्हेटी प्रयोगशाळेतल्या संशोधकांनी 'अ‍ॅक्टिव्ह बॅज' नावाचा बिल्ला प्रसिद्ध केला. कर्मचाऱ्याच्या छातीवरचा हा बिल्ला दर पंधरा सेकंदांनी अवरक्त किरणांतून आपली ओळख पाठवायचा. माणूस कुठल्या खोलीत आहे हे कळले की त्याचा फोन त्या खोलीकडे वळवता येत असे. १९९४ मध्ये बिल शिलिट आणि सहकाऱ्यांनी संदर्भाचे तीन भाग सांगितले: तुम्ही कुठे आहात, तुमच्याबरोबर कोण आहे, आणि जवळपास कुठली साधने आहेत. २००१ मध्ये अनिंद डे यांनी व्याख्या आणखी रुंद केली. एखाद्या व्यक्तीची, जागेची किंवा वस्तूची परिस्थिती सांगायला उपयोगी पडेल अशी कोणतीही माहिती म्हणजे संदर्भ. व्याख्या एवढी रुंद झाली की तिच्यात काय मावत नाही, हे विचारायचे राहूनच गेले.

एजंटांची गोष्ट त्याहून जुनी. इथे एजंट म्हणजे विमा विकणारा नव्हे. आपल्यापुरते पाहणारा, ठरवणारा आणि करणारा संगणकीय प्रोग्राम. १९८० मध्ये रीड स्मिथ यांनी 'कॉन्ट्रॅक्ट नेट' मांडले. एका एजंटाने काम जाहीर करायचे, बाकीच्यांनी बोली लावायची, ज्याची बोली योग्य त्याला काम द्यायचे. थोडक्यात, निविदा. पण निविदेला सहकार्य म्हणता येत नाही, हे पुढच्या संशोधकांना कळले. १९९१ मध्ये फिलिप कोहेन आणि हेक्टर लेव्हेक यांनी संघकार्याचे तर्कशास्त्र लिहिले. एकाला उद्दिष्ट अशक्य आहे असे कळले, तर त्याने गुपचूप काम सोडता कामा नये, इतरांना कळवणे हे त्याच्यावर बंधन आहे. १९९६ मध्ये बार्बरा ग्रोझ आणि सरित क्राउस यांनी 'सामायिक योजनां'चा सिद्धांत पूर्ण केला. त्यात प्रत्येकाला आपले काम करायचे असतेच, शिवाय दुसऱ्याचेही पार पडावे असे वाटत असावे लागते. हे वाचताना मला आनंद झाला होता, आजही होतो. यंत्रांविषयी लिहिताना माणसांच्या एकत्र काम करण्याविषयी इतके नेमके क्वचित कोणी लिहिले आहे.

माझा आक्षेप असा, की दोन्ही धारांनी एक गोष्ट आधीच ठरलेली धरली आहे. संदर्भवाल्यांनी धरले की कुठली माहिती महत्त्वाची, याची यादी काम सुरू होण्याआधी करता येते. एजंटवाल्यांनी धरले की उद्दिष्ट कोणाचे आणि जागा कोणाची, हे वादाबाहेर आहे. समुद्रात नेमके हेच दोन प्रश्न रोज उघडे असतात.

डोळ म्हणजे शंकूच्या आकाराचे मोठे पिशवीजाळे. समुद्रतळात रोवलेल्या खुंटांना किंवा नांगरांना ते बांधतात आणि तोंड प्रवाहाकडे ठेवतात. ते माशांच्या मागे जात नाही. भरती-ओहोटीचे पाणी बोंबील, जवळा, करंदी, मांदेली यांना त्यात आणून घालते. पाण्याला जोर असताना जाळे उचलता येत नाही, म्हणून ते उचलायचे पाणी मंदावते त्या थोड्या वेळात. तांडेलाचे सगळे वेळापत्रक या मंद पाण्यावर बसवलेले असते. पौर्णिमा-अमावास्येच्या सुमारास उधाण, प्रवाह जोरात; अष्टमीच्या आसपास भांग, प्रवाह मरगळलेला. मुंबईच्या किनाऱ्यावर भरतीची वेळ काढायचा जुना हिशेब अजून चालतो: तिथीची पाऊणपट करा. चतुर्थीला चार पाऊणे तीन, म्हणजे तीनच्या सुमारास पूर्ण भरती. अष्टमीला सहा. हिशेब ढोबळ आहे, पण संवेदक, बॅटरी आणि नेटवर्क यांपैकी काहीही न लागता चालणारी ही संदर्भसजग गणनाच आहे. एका तिथीत वेळ, प्रवाहाचा जोर आणि जाळे उचलण्याचा क्षण, तिन्ही येतात.

आता हैदराबादच्या 'इन्कॉइस'कडे, म्हणजे भारतीय राष्ट्रीय महासागर माहिती सेवा केंद्राकडे येऊ. १९९९ मध्ये स्थापन झालेली ही संस्था 'संभाव्य मासेमारी क्षेत्रां'ची सूचना देते. उपग्रहावरून समुद्राच्या पृष्ठभागाचे तापमान आणि पाण्यातले हरितद्रव्य मोजतात. गरम आणि थंड पाणी जिथे भेटते, जिथे वनस्पतिप्लवक जास्त, तिथे मासे जमण्याची शक्यता जास्त. मग बंदरापासून कुठल्या दिशेला, किती अंतरावर, किती खोलीत, हे मराठीसह किनाऱ्यावरच्या भाषांतून कळवतात. बांगडा, तारली, कुपा यांसारख्या वरच्या पाण्यात झुंडीने फिरणाऱ्या माशांसाठी ही सूचना खरोखर उपयोगी आहे. त्यामागचे विज्ञान पक्के आहे, डिझेल वाचते, आणि ती फुकट मिळते. तिची टिंगल करणाऱ्यांच्या बाजूचा मी नाही.

मात्र डोळवाल्याच्या हाती ती पडली की गंमत होते. अमुक मैलांवर मासळी आहे, असे सूचना सांगते. खुंट तर इथे रोवलेले. एका तांडेलाला मी विचारले, "काका, या सूचनेचं तुम्ही काय करता?" ते म्हणाले, "वाचतो. दुसऱ्याला मासळी कुठं मिळणार ते कळतं." या उत्तरात उपहास थोडा आणि वस्तुस्थिती जास्त होती. डेंच्या व्याख्येप्रमाणे ही माहिती संदर्भ ठरते, कारण ती बोटीची परिस्थिती सांगते. पण बोटीकडे जाळे कुठले आहे, हे माहितीच्या यादीत नसेल तर बाकीची अचूकता वाया जाते. यादीत जाळ्याच्या प्रकाराचा एक रकाना वाढवा, असे कोणी म्हणेल. वाढवावाच. पण त्या जाळ्यामागे 'ही जागा आमची' हा जो दावा आहे, त्याचा रकाना कसा करणार?

त्याआधी सूचनेतली दुसरी अडचण पाहू, कारण ती एजंटांच्या शास्त्रातलीच आहे. एकच सूचना सगळ्यांना मिळते. सगळ्यांनी ती ऐकली तर सगळ्या बोटी एका जागी जमतील आणि ती जागा चांगली राहणार नाही. १९९४ मध्ये ब्रायन आर्थर यांनी सांता फे गावातल्या 'एल फॅरोल' या बारचे उदाहरण घेऊन हेच दाखवले. सगळ्यांनी एकाच अंदाजावर विश्वास ठेवला तर तो अंदाज स्वतःलाच खोटा पाडतो. संभाव्य क्षेत्र म्हणजे मोठा पट्टा असतो, एक बिंदू नव्हे, म्हणून समुद्रात हे तितके टोकाला जात नाही. तरी प्रश्न राहतो. प्रत्येक बोटीला वेगळे सांगून कामाची वाटणी करणे हे सहकार्य; सगळ्यांना एकच सांगून बाजूला होणे हे प्रसारण. आपल्या किनाऱ्यावर आजवर बहुतेक प्रसारणच झाले आहे.

उलट उदाहरण केरळातले आहे. १९९७ ते २००१ या काळात तिथल्या किनाऱ्यावर मोबाइल सेवा टप्प्याटप्प्याने पोहोचली, आणि रॉबर्ट जेन्सन यांनी तारलीच्या बाजारावर तिचा परिणाम मोजून २००७ मध्ये प्रसिद्ध केला. फोन येण्याआधी एका बंदरावर मासळी फेकून द्यावी लागे आणि जवळच्याच दुसऱ्या बंदरावर गिऱ्हाईक रिकाम्या हाताने परते. फोन आल्यावर भावातली तफावत झपाट्याने घटली आणि मासळी वाया जाणे जवळजवळ थांबले. तिथे कुठलाही हुशार एजंट नव्हता. मच्छीमार समुद्रातून फोन करत, दोनतीन बंदरांचा भाव विचारत आणि स्वतः ठरवत. संदर्भ त्यांनी विचारून मिळवला. कुणी तो त्यांच्यासाठी आधी ओळखून ठेवला नव्हता.

आता कवीकडे. डोळीचे खुंट ओळीने रोवतात, त्या जागेला कव म्हणतात. वसई, उत्तन, मढ या बाजूचे डोळवाले आणि सातपाटीसह पालघर बाजूचे मच्छीमार यांच्यात कवींवरून जुना वाद आहे. उत्तरेकडच्या मच्छीमारांचे म्हणणे, की दक्षिणेकडच्यांनी कवी मारत मारत त्यांच्या समोरचा समुद्र अडवला; त्यांची वाहती जाळी खुंटांत अडकतात, फाटतात. डोळवाल्यांचे म्हणणे, की ते पिढ्यान्पिढ्या तिथे जातात, आणि खुंट रोवायला लागणारा खर्च नि मेहनत कोणी गंमत म्हणून करत नाही. बैठका झाल्या, समुद्रात भांडणेही झाली. मी मढचा, त्यामुळे माझे कान एका बाजूला जास्त उघडे आहेत, हे वाचकाने लक्षात ठेवावे. मला इथे निवाडा करायचा नाही.

दोन्ही बाजूंना एकमेकांची जागा माहीत आहे. माहितीची कमतरता हे भांडणाचे कारणच नव्हे. दोन्ही बाजू आपापल्या परीने शहाण्या आहेत आणि आतून उत्तम सहकार्य करतात. एका बोटीवरचा तांडेल आणि खलाशी यांचे वागणे कोहेन-लेव्हेक यांच्या तर्कशास्त्रात चपखल बसेल. तरी दोन गावांमध्ये सामायिक योजना नाही, कारण ती कोणाच्या समुद्रात करायची हेच ठरलेले नाही. ग्रोझ आणि क्राउस यांच्या सिद्धांतात 'दुसऱ्याचे काम पार पडावे' अशी इच्छा ही सुरुवातीची अट आहे. इथे ती इच्छा बैठकांतून, नातेसंबंधांतून, कधी रागातून, हळूहळू घडवावी लागते. सिद्धांत जिथे सुरू होतो तिथपर्यंत पोहोचणे हेच इथले खरे काम आहे.

एजंटांवर काम करणाऱ्यांपैकी ज्यांनी आपली यंत्रे खऱ्या माणसांत सोडली, त्यांना याची चव मिळाली. मिलिंद तांबे आणि सहकाऱ्यांनी २००० च्या सुमारास दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठात 'इलेक्ट्रिक एल्व्हज' चालवले. प्रत्येक संशोधकाचा एक एजंट. तो माणूस कुठे आहे ते पाहून बैठका पुढे ढकलायचा, जेवण मागवायचा, कामाला वक्ता शोधायचा. २००८ मध्ये त्यांनीच काय चुकले ते मोकळेपणाने लिहिले. एका एजंटाने एकच बैठक पाच-पाच मिनिटांनी जवळजवळ पन्नास वेळा पुढे ढकलली. दुसऱ्याने मालकाला न विचारता त्याचे व्याख्यान ठरवून टाकले. या क्षेत्रातला माझ्या दृष्टीने हा सर्वांत मोलाचा लेख. त्यातल्या चुका गणिताच्या कमी आणि अधिकाराच्या जास्त आहेत: माझ्या वतीने होकार द्यायचा हक्क तुला कोणी दिला?

त्या मानाने आजची लाट मला मागे गेल्यासारखी वाटते. २०२३ मध्ये स्टॅनफर्डच्या संशोधकांनी भाषिक प्रारूपांवर चालणारे पंचवीस एजंट एका खेळण्यातल्या गावात ठेवले आणि त्यांनी आपसात निरोप देऊन व्हॅलेंटाइन डेची पार्टी ठरवली, याचे फार कौतुक झाले. निमंत्रण मिळालेल्या बारांपैकी पाच आले. हा तपशील गोड आहे, काम कौशल्याचे आहे. पण त्या गावात न आलेल्या सातांचे काही बुडत नाही. कोणाच्या घरी कर्जाचा हप्ता नाही, बर्फाचे पैसे नाहीत, फाटलेले जाळे नाही. ज्याचे काही पणाला लागलेले नाही त्याच्या वागण्यावरून सहकार्याचा अभ्यास कितपत होईल, ही शंका मला सोडत नाही.

संदर्भाच्या बाजूने हीच शंका पॉल डूरिश यांनी २००४ मध्ये घेतली होती. संदर्भ म्हणजे कृतीभोवती आधीच ठेवलेली माहिती नव्हे. काम करता करता लोक तो आपसात घडवतात आणि बदलतात, असे त्यांचे म्हणणे. हा लेख पुष्कळ उद्धृत होतो आणि यंत्रे मात्र डेंच्या व्याख्येवर बनतात. कारण उघड आहे. यादीचा प्रोग्राम लिहिता येतो.

यंत्रे नकोतच, असे यातून कोणी काढू नये. २०१७ चे ओखी वादळ तयार होण्याआधीच अनेक बोटी खोल समुद्रात गेल्या होत्या आणि त्यांच्यापर्यंत इशारा पोहोचवता आला नाही. किनाऱ्यापासून दहा-बारा किलोमीटरनंतर मोबाइलला रेंज नसते. त्या अनुभवानंतर २०१९ मध्ये इन्कॉइसने 'जेमिनी' यंत्र आणले; ते उपग्रहावरून बोटीवरच्या फोनला इशारे पोहोचवते, पण एकाच दिशेने. बोट ऐकू शकते, बोलू शकत नाही. ही उणीव पुढच्या यंत्राने भरली. ३० ऑगस्ट २०२४ रोजी पालघरला पंतप्रधानांच्या हस्ते सुरू झालेल्या योजनेत किनारी राज्यांतल्या एक लाख बोटींवर इस्रोच्या तंत्रज्ञानाचे ट्रान्सपाँडर बसवायचे आहेत, खर्च सुमारे ३६० कोटी. यात बोटीवरून किनाऱ्याला संदेश जातो, संकटाची हाक देता येते. खलाशाच्या घरच्यांना याची किंमत समजावून सांगावी लागत नाही.

हे यंत्र बोट आंतरराष्ट्रीय सागरी सीमेजवळ गेली की सावध करते. ती सीमा अक्षांश-रेखांशात लिहिलेली आहे, म्हणून यंत्राला ती कळते. योजना सुरू झाली त्या पालघरच्याच समुद्रात मच्छीमार ज्या रेषेवरून भांडतात, ती मात्र लिहिलेली नाही. ती दोन्ही बाजूंच्या आठवणीत आहे आणि दोन्ही आठवणी जुळत नाहीत. उद्या प्रत्येक बोटीची जागा नोंदवली जाईल, वर्षभराच्या नोंदींवरून कोण कुठल्या कवीवर किती वेळा गेले याचा नकाशा आपोआप निघेल, आणि बैठकीत कोणीतरी तो पुरावा म्हणून टेबलावर ठेवेल. त्या नकाशात बोटी असतील. भांगाच्या दिवशी कोण मुद्दाम गेले नाही, कोणी दुसऱ्याला जागा सोडली, हे त्यात नसेल. तो नकाशा कोणाला पाहायला मिळेल, आणि त्यावर हरकत घ्यायला तांडेलाने कुठे जायचे, हे खुंट रोवण्याआधी ठरावे तसे आत्ताच ठरायला हवे.