मोहरीचे दाणे आणि विसावा भाग

किसा गोतमीची कथा ठाऊक नाही असा बौद्ध उपासक विरळा. वर्षावासातील प्रवचनांत आणि पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमांत ती हटकून सांगितली जाते. मृत बालक कडेवर घेऊन औषध मागत हिंडणारी माता, ज्या घरी कोणी मेले नाही अशा घरून मोहरी आणण्याची तथागतांची आज्ञा, तिची दारोदार फिरती आणि शेवटी तिला झालेला अनित्यतेचा बोध. कथा येथे संपविली जाते आणि श्रोत्यांना सांगितले जाते की मरण कोणालाच चुकलेले नाही, तेव्हा शोक आवरावा.

हा कथेचा एक अंश होय. तो खोटा नाही, परंतु पाली अट्ठकथा ज्यांनी मुळातून वाचल्या आहेत, त्यांना तो अपुरा वाटल्यावाचून राहणार नाही. थेरीगाथेच्या व अंगुत्तर निकायाच्या अट्ठकथा सांगतात की गोतमी दरिद्री कुळातली होती. सासरी आल्यावर गरिबाची पोर म्हणून तिचा पाणउतारा होत असे. पुत्र झाला तेव्हा तिला मान मिळू लागला. तोच पुत्र खेळण्याबागडण्याच्या वयात मरण पावला. त्या वेळी तिच्या मनात आलेला विचारही अट्ठकथाकारांनी नोंदविला आहे. आपण पूर्वी अवहेलना सोसली, मुलामुळे सन्मान मिळाला, आणि आता हे लोक माझ्या मुलाला बाहेर टाकून द्यावयास निघतील, या भयाने ती प्रेत कडेवर घेऊन बाहेर पडते. म्हणजे तिचे वेड हे केवळ पुत्रशोकाचे नव्हते. पुत्राबरोबर तिचे माणूसपणही त्या घरातून उचलले जाणार होते. ज्या दुःखाचे एक मूळ मृत्यूत आणि दुसरे मूळ दारिद्र्याच्या तिरस्कारात आहे, त्यावर अनित्यतेचा उपदेश हा निम्माच उपचार ठरतो.

तथागतांनी दिलेला उपचार मात्र निम्मा नव्हता. त्यांनी तिला प्रवचन ऐकविण्याआधी चालावयास लावले. जिची सासरी किंमत नव्हती, तिला श्रावस्तीच्या घराघरांत जाऊन लोकांचे दुःख ऐकावे लागले. मोहरी हे निमित्त होते. औषध त्या भेटींत होते. पुढे ती संघात आली. रूक्ष चीवर धारण करणाऱ्या भिक्खुणींत तिला अग्रस्थान दिल्याची नोंद अंगुत्तर निकायात आहे. ज्या स्त्रीची प्रतिष्ठा पुत्रावर अवलंबून होती, तिला पुत्र, पती वा कुळ यांपैकी कशावरही अवलंबून नसलेली प्रतिष्ठा संघाने दिली. माझ्या मते कथेचा शेवट येथे आहे, मोहरीपाशी नाही.

थेरीगाथेतील तिच्या गाथांचा आरंभही अनित्यतेने होत नाही. तो कल्याणमित्रांच्या स्तुतीने होतो. पुढे सवतीचा जाच, बाळंतपणाच्या वेदना, अशी स्त्रीजन्माची दुःखे येतात. अभ्यासकांना कोड्यात टाकणारी एक गोष्ट अशी की, वाटेत प्रसूत होणाऱ्या आणि पती मृत झालेला पाहणाऱ्या स्त्रीचा जो प्रसंग या गाथांत आहे, तो पटाचाराच्या चरित्रातला आहे. अट्ठकथाही तसाच खुलासा करते. पाठभ्रंश म्हणून तो बाजूला सारण्याचा मोह होतो. पण एका थेरीने दुसरीचे दुःख आपल्या मुखाने सांगावे, यात मला विसंगती दिसत नाही.

परमपूज्य बाबासाहेबांनी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या, त्यांच्या महापरिनिर्वाणानंतर १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात ही कथा कोठे ठेवली आहे, याकडे आपल्या टीकाकारांचे पुरेसे लक्ष गेलेले नाही. ती आठव्या खंडात, तथागतांच्या मानवतेविषयीच्या भागात येते. शोकाकुलांचे सांत्वन, त्यामागोमाग रुग्णांविषयीची आस्था, पुढे समतेची भावना. आणि त्यानंतरचा भाग सुरू होतो तो तथागतांना दारिद्र्य अप्रिय होते या विषयाने. या क्रमात शोकाकडून दारिद्र्याकडे जाणारी एक वाट आहे. बाबासाहेबांनी त्यावर भाष्य केले नसले, तरी ही मांडणी बोलकी आहे.

रुग्णांच्या प्रकरणातील प्रसंग महावग्गातला आहे. अतिसाराने पीडित एक भिक्खू स्वतःच्या मलमूत्रात पडलेला होता. तथागतांनी आनंदाकडून पाणी आणविले, दोघांनी त्याला धुतले, उचलून मंचकावर ठेवले. इतरांनी त्याची शुश्रूषा का केली नाही, या प्रश्नाचे उत्तर अंगावर काटा आणणारे आहे: तो इतरांच्या काही उपयोगी पडत नव्हता म्हणून. परतफेडीच्या हिशेबावर चालणारी करुणा तथागतांनी तेथेच मोडून काढली आणि परस्परांची शुश्रूषा हा संघाचा नियम केला. सेवा एकाच्या मर्जीवर सोडली नाही.

दानाची कसोटीही हीच असावयास हवी. पण परंपरेने दानाचा आदर्श म्हणून ज्याला गौरविले, तो वेस्सन्तर या कसोटीला उतरत नाही. त्याने आपली मुले जूजकाला दिली. त्याने ती वेलींनी बांधून मारीत नेली. दुसऱ्याला दुःख देऊन केलेल्या दानाचे फळ सुखाचे कसे, असा रास्त प्रश्न ‘मिलिन्दपञ्ह’ ग्रंथात राजा मिलिंद विचारतो. नागसेन स्थविर उत्तरादाखल रुग्ण भिक्खूला गाडीतून नेणाऱ्या बैलांचा दाखला देतात. बैलांना कष्ट होतात, तरी ते कृत्य पुण्याचेच. स्थविरांविषयी पूर्ण आदर ठेवूनही म्हणावे लागते की या वादात राजाचा पक्ष बळकट आहे. दात्याची पारमिता पूर्ण व्हावी म्हणून ज्यांना बांधले जाते, त्यांना बैलांच्या जागी बसविणारे उत्तर आपल्या समाजाला तरी पटू नये. दीघनिकायातील चक्कवत्तिसीहनाद सुत्त याहून समंजस आहे. राजाने निर्धनांना धन दिले नाही म्हणून दारिद्र्य वाढले आणि चोरी आली. पकडलेल्या चोराला राजाने धन दिले, तर चोऱ्या आणखी वाढल्या. वेळेवर न केलेल्या न्यायाची भरपाई नंतरच्या औदार्याने होत नाही, हे तेथे रोखठोक दिसते.

हे सारे ग्रंथांपुरते नाही. गटार साफ करताना गुदमरून मेलेल्या तरुणाची माता पुण्यानुमोदनाला समोर बसलेली असते, तेव्हा आपण तिला मोहरीची कथा सांगतो. हाताने मैला साफ करून घेण्यास मनाई करणारा कायदा २०१३ साली झाला. अशा मृत्यूसाठी १० लाख रुपये देण्याचा आदेश सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली दिला आणि २०२३ साली ती रक्कम ३० लाख केली. तो पैसा दान नव्हे, तिचा हक्क आहे. तो मिळविण्यासाठी लागणारे अर्ज, दाखले, वकील आणि कार्यालयांतील खेटे यांची तरतूद मात्र दानातून होऊ शकते. या मातेला अनित्यता समजत नाही असे नाही. आपला मुलगा सर्वांसारखा मेला नाही, एवढेच ती सांगत असते.

नागपूरला धम्मदीक्षेच्या दुसऱ्या दिवशी, १५ ऑक्टोबर १९५६ रोजी, बाबासाहेबांनी प्रत्येकाने उत्पन्नाचा विसावा भाग धम्मकार्यासाठी द्यावा असे आवाहन केले. बहिष्कृत हितकारिणी सभा, पीपल्स एज्युकेशन सोसायटी अशा संस्था उभारताना पै-पैचा हिशेब केलेल्या माणसाचे ते शब्द होते. आज विहारांत दान येते, पण पुष्कळदा ते मूर्तीच्या उंचीत, मंडपात आणि भोजनदानाच्या फलकांवर दिसते. दुसरीकडे मनःशांतीसाठी ध्यानशिबिरांना जाणारा आणि मोर्चाला जाणारा असे आपले दोन वर्ग पडले आहेत. पहिल्याला दुसरा उथळ वाटतो आणि दुसऱ्याला पहिला पळपुटा. गोतमीला बसून मन आवरावयास शिकविले असते आणि दारोदार पाठविले नसते, किंवा दारोदार पाठवून संघात घेतले नसते, तर ती बरी झाली असती का, हे दोघांनीही अट्ठकथा उघडून पाहावे.

तूर्त एक लहान काम करता येण्यासारखे आहे. मुलांच्या धम्मवर्गांसाठी निघणाऱ्या मराठी कथासंग्रहांत गोतमीच्या सासरचा भाग बहुधा गाळलेला असतो. पुढील आवृत्त्यांत तो परत घालावा, आणि तिला मिळालेले अग्रस्थानही.