छायाचित्रातील छेदविचार

छायाचित्रकलेविषयी आपल्याकडे जे लेखन होते, त्याचा मोठा भाग यंत्राने व्यापलेला असतो. भिंग कोणते वापरावे, प्रकाश किती घ्यावा, पडदा किती वेळ उघडा ठेवावा, याविषयी पुष्कळ सांगितले जाते. परंतु माणसाचे चित्र घेताना चौकटीच्या कडेने त्याचे शरीर नेमके कोठे छेदावे, या प्रश्नाची बोळवण एखाद्या ओळीत होते. वास्तविक नखशिखान्त घेतलेले चित्र सोडले, तर इतर प्रत्येक चित्रात माणूस कोठे तरी तुटतोच. चित्रकारापुढे कोरा फलक असतो व त्यावर काय आणावे एवढेच त्याला ठरवावयाचे असते. छायाचित्रकारापुढे भरलेले जग असते आणि त्यातून काय गाळावे हे त्याला ठरवावे लागते. म्हणून छेद हा त्याच्या कलेतील पहिला निर्णय होय, आणि त्याच्या रसिकतेची व माणुसकीची परीक्षाही तेथेच होते.

या प्रश्नाचा विचार करण्यास पुणे जिल्ह्यातील मुळशी तालुक्याइतके योग्य स्थळ क्वचितच सापडेल. पावसाळा सुरू झाला, की ताम्हिणी घाटाच्या वाटेवर व मुळशीच्या तलावाकाठी पुण्यामुंबईची मंडळी लोटतात. आता कॅमेरा प्रत्येकाच्या खिशातील मोबाइलमध्येच असल्यामुळे डोंगर व धबधबे यांच्याबरोबर तेथील माणसांचीही चित्रे घेतली जातात. ही चित्रे पुढे दिनदर्शिकांवर, पुरवण्यांत व प्रदर्शनांत दिसतात. त्यांचे तांत्रिक गुण आम्हांस मान्य आहेत. त्यांत माणूस जेथे तोडला जातो, त्या जागेविषयी मात्र आमची तक्रार आहे.

प्रथम रूढ नियम पाहू. सांध्यावर छेद देऊ नये, असे या कलेची पाठ्यपुस्तके सांगतात. मान, कोपर, मनगट, गुडघा, घोटा या ठिकाणी चौकटीची कड आली, की चित्र बिघडते. त्याऐवजी छातीचा मध्य, दंडाचा मध्य, मांडीचा मध्य येथे ती आणावी. नियम बरोबर आहे, पण त्याचे कारण सांगण्याचे कष्ट सहसा कोणी घेत नाही. सांधा म्हणजे शरीरातील विरामस्थान. एक अवयव तेथे संपतो व दुसरा सुरू होतो. कड नेमकी तेथे आली, की अवयव खरोखरच तेथे संपला असा डोळ्यास भास होतो व छेद जखमेसारखा दिसू लागतो. हीच कड मांडीच्या मध्यावर आली, तर रेषा अपुरी राहते. आणि अपुरी रेषा पुरी करण्याचा मनाचा स्वभावच असल्यामुळे उरलेला पाय प्रेक्षक आपल्या कल्पनेने पुरवितो. आपल्या साहित्यशास्त्राच्या भाषेत सांगावयाचे, तर नवव्या शतकात आनंदवर्धनाने काव्याच्या बाबतीत ज्याला ध्वनी म्हटले, त्याचीच ही दृश्य छटा होय. जे दाखविले नाही ते सुचले पाहिजे. सांध्यावरचा छेद काही सुचवीत नाही. तो फक्त संपवितो.

आपल्या मूर्तिपूजेतही हा भेद फार पूर्वीपासून मानला गेला आहे. खंडित मूर्ती पूजेस चालत नाही. हात भंगला, की तिचे विसर्जन करावे लागते. परंतु माहूरच्या रेणुकेचे केवळ मुख पूजिले जाते, भाद्रपदात घरोघर गौरींचे मुखवटे मांडले जातात, आणि त्यांत काही उणे आहे असे कोणाही भाविकास वाटत नाही. अतएव शरीराचा किती भाग दिसतो याला फारसे महत्त्व नाही. जो दिसतो तो स्वतःच्या बळावर पूर्ण उभा राहतो की नाही, हे पाहावयाचे. हनुवटीखाली मान व खांद्यांचा उतार राखून घेतलेला वृद्धाचा चेहरा मुखवट्यासारखा परिपूर्ण असू शकतो. घाईने घेतलेल्या चित्रात घोट्यापाशी तुटलेला पाय मात्र खंडितच राहतो. कपाळाचा वरचा भाग कापून डोळे जवळ आणण्याची जी रीत अलीकडे रूढ झाली आहे, तीही याच कसोटीवर घासून पाहावी.

तथापि सांध्याचा नियम हे छायाचित्राचे व्याकरण होय, आणि व्याकरणशुद्ध वाक्य खोटेही असू शकते. अकराव्या शतकातील क्षेमेंद्राने औचित्य हा काव्याचा प्राण मानला. छेदाचे औचित्य केवळ शरीररचनेवरून ठरत नाही. त्या माणसाच्या आयुष्याचा भार शरीराच्या कोणत्या भागावर आहे, यावरून ते ठरते. अमेरिकेतील घोडेस्वार वीरांच्या चित्रपटांत माणसाला मध्यमांडीवर छेदण्याची पद्धत पडली. तिचे एक कारण असे सांगतात, की कमरेचे पिस्तूल चौकटीत राहावे. कथेचा निकाल त्या पिस्तुलावर लागावयाचा असल्यामुळे कड त्याच्या खाली गेली. तेथे छेद कामाच्या मागोमाग चालला, एवढे आपण ध्यानात घ्यावे.

हाच न्याय मुळशीस लावून पाहू. हा भाताचा मुलूख. आंबेमोहोर तांदळासाठी तो प्रसिद्ध आहे. चिखलणी झालेल्या खाचरात बाया लावणीसाठी ओळीने वाकतात. डोक्यापाठीवर पूर्वी इरले असे, आता बहुधा प्लॅस्टिकचा कागद असतो. एका हातात रोपांची जुडी, दुसरा हात चिखलात, पाय पोटरीपर्यंत रुतलेले. या अवस्थेत शरीर दुमडलेले असते. म्हणून उभ्या माणसासाठी केलेले मध्यछातीचे व मध्यमांडीचे गणित येथे निरुपयोगी ठरते. हात आणि पाय एकाच ठिकाणी, चिखलाच्या पृष्ठभागापाशी, भेटतात व चित्राचे मर्मही त्याच ठिकाणी असते. मनगट व घोटा चिखलाने आधीच झाकलेला असतो; निसर्गाने दिलेला तो छेद इतका उचित असतो, की तेथे काही तुटले असे न वाटता माणूस जमिनीत रुजला आहे असे वाटते. छायाचित्रकाराने एवढेच करावयाचे, की चौकटीची खालची कड त्या रेषेच्या बरीच खाली ठेवावयाची आणि पाण्यातील प्रतिबिंबास व नुकत्याच लावलेल्या चुडांस जागा द्यावयाची.

प्रत्यक्षात काय होते? पाहुणा बांधावर उभा राहतो, बाईला हाक मारून मान वर करावयास सांगतो, आणि छातीपर्यंतचे हसरे चित्र घेऊन निघून जातो. चित्र नियमाला धरून असते. सांधा कोठे तुटलेला नसतो, मागचा हिरवा रंग सुरेख पुसट झालेला असतो. पण ती बाई लावणी करीत होती की बागेत हिंडत होती, हे त्या चित्रावरून सांगता येणार नाही. काम कडेबाहेर गेले आणि हसू तेवढे राहिले.

येथे कोणी म्हणेल, चेहरा हीच माणसाची ओळख नव्हे काय? ओळख पटविण्यापुरते ते खरे आहे. १९९३ साली मतदारांसाठी छायाचित्रासह ओळखपत्रे निघाली. २९ सप्टेंबर २०१० रोजी नंदुरबार जिल्ह्यातील टेंभली या गावी आधार क्रमांकाच्या वाटपास आरंभ झाला. आणि मुळशी तालुक्यातल्याच हिंजवडीच्या संगणक उद्यानात हजारो माणसे स्वतःचा चेहरा गळ्यात अडकवून कामावर जातात. या चित्रांत खांद्याखालचे शरीर नसते व ते नसणेच योग्य आहे, कारण दारावरच्या पहारेकऱ्यास चेहऱ्याखेरीज काही नको असते. त्या चित्रांना आम्ही दोष देत नाही. कलेच्या नावाने घेतलेल्या चित्रानेही पहारेकऱ्याचीच दृष्टी पत्करावी, हे मात्र आम्हांस खटकते.

मग सर्वांची नखशिखान्त चित्रे घ्यावी म्हणजे प्रश्न मिटला, असेही नाही. विल्यम जॉन्सन याने १८६३ व १८६६ साली दोन भागांत प्रसिद्ध केलेला मुंबईतील जातिजमातींचा चित्रसंग्रह या दृष्टीने पाहण्यासारखा आहे. त्यात माणसांची चित्रे एकीकडे घेतलेली व मागचे देखावे दुसरीकडचे, अशी जोडकामाची युक्ती त्याने वापरली. माणसे जेथे उभी दिसतात, तेथे ती उभी नव्हतीच. अशा चित्रात मस्तकापासून पावलांपर्यंत सारा देह शाबूत असतो, आणि तरीही माणूस तुटलेला असतो. कारण त्याला त्याच्या जमिनीपासून कापून घेतलेले असते. पोशाखाचा नमुना म्हणून त्याचा उपयोग होतो, पण तो कोठला, कोणाचा, कशावर उभा, हे काही कळत नाही. अंगाच्या बाहेरून फिरलेली ही कातरी अंगावरच्या छेदाहून खोल जाते.

मुळशीच्या बाबतीत जमिनीपासूनच्या या छेदाला विशेष अर्थ आहे. मुळा व निळा या नद्यांच्या संगमापाशी टाटांच्या वीज कंपनीने धरण बांधावयास घेतले, तेव्हा पन्नासाच्या आसपास गावांवर पाण्याचे संकट आले. १६ एप्रिल १९२१ रोजी, रामनवमीच्या दिवशी, मावळ्यांनी सत्याग्रहास आरंभ केला. पांडुरंग महादेव बापट यांस सेनापती ही पदवी याच लढ्याने दिली, आणि ‘जान किंवा जमीन’ ही घोषणा त्या खोऱ्यात दुमदुमली. १९२४ पर्यंत लढा ओसरला. धरण पुरे झाले, आणि तेथले पाणी सह्याद्रीखाली भिऱ्याच्या वीजगृहात उतरू लागले. आज पाहुण्यांच्या चित्रांत जो निळा तलाव मागे शोभतो, त्याच्या तळाशी कोणाची तरी खाचरे आहेत.

अशा काठावर उभ्या असलेल्या वृद्ध शेतकऱ्यास कमरेशी छेदून मागची सारी जागा पाण्याने भरून टाकणे, हे रचनेच्या दृष्टीने सुबक असेल. अर्थाच्या दृष्टीने त्याच्या पायांखाली उरलेली जमीनही काढून घेण्यासारखे ते आहे. कॅमेरा दहा पावले मागे नेला, कमरेच्या उंचीवर धरला आणि पायांखालचा काठ चौकटीत राहू दिला, तर तेच पाणी निव्वळ देखावा राहत नाही. जमीन व पाणी यांची सीमा दिसते, माणूस त्या सीमेवर उभा दिसतो, आणि ज्यास इतिहास ठाऊक नाही त्याच्याही मनात एक शंका उभी राहते, की हे पाणी आधीचे की हा माणूस आधीचा?

कामापासूनचा व जमिनीपासूनचा छेद पाहिला. तिसरा छेद सोबतीपासूनचा, आणि तो मुळशीपुरता नाही. डॉ. आनंदीबाई जोशी यांचे १० ऑक्टोबर १८८५ रोजी फिलाडेल्फिया येथे घेतलेले एक छायाचित्र सुप्रसिद्ध आहे. त्यात जपानच्या केइ ओकामी आणि सीरियाच्या साबात इस्लामबुली या त्यांच्या सहाध्यायिनी आहेत. तिघी आपापल्या देशाच्या वेषात आहेत. आनंदीबाईंस १८८६ साली पदवी मिळाली व पुढच्याच वर्षी, २६ फेब्रुवारी १८८७ रोजी, त्या वारल्या. ओकामी १८८९ साली व इस्लामबुली १८९० साली पदवीधर झाल्या. या चित्रातून आनंदीबाई तेवढ्या कापून घेतल्या, तर आपल्या अभिमानास पुरेसे चित्र मिळते. पण आशिया खंडाच्या तीन दूरदूरच्या भागांतून आलेल्या तीन स्त्रिया परक्या देशात एकाच विद्येसाठी एकमेकींच्या शेजारी येऊन ठेपल्या, ही त्या चित्रातील सर्वांत मोठी गोष्ट कातरीखाली जाते. एकट्या आनंदीबाई अपवाद वाटतात. तिघी मिळून एका नव्या काळाची चाहूल देतात.

आपल्या घरांतील भिंतींवरही हा छेद टांगलेला आहे. मागल्या पिढ्यांतील कित्येक स्त्रियांचे एकटीचे छायाचित्र कधी काढलेच गेले नाही. त्या गेल्यावर लग्नातील किंवा मुंजीतील समूहचित्रातून त्यांचा चेहरा कापून मोठा करण्यात आला व त्याला हार घालण्यात आला. नीट निरखले, तर अशा एखाद्या चित्रात खांद्यावर दुसऱ्या कोणाची तरी चार बोटे राहिलेली दिसतात, किंवा कडेशी एखाद्या मुलाच्या टोपीचा कोपरा दिसतो. चित्र सुधारणारा कारागीर ती बोटे रंगाने पुसून टाकतो. आमच्या मते ती राहू द्यावी. रचनेच्या दृष्टीने तो दोष असेल. परंतु ही बाई कोणाची तरी बहीण, कोणाची तरी जाऊ, कोणाची तरी मैत्रीण म्हणून त्या दिवशी तेथे उभी होती, याची साक्ष तेवढ्या बोटांतच उरलेली असते.

सांध्यांचा नियम मोडावा, असे आमचे म्हणणे नाही. तो पाळणे सोपे आहे, व सोपे आहे म्हणूनच तो पाळून कोणी धन्यता मानू नये. कड कोठे आणावयाची हे ठरविण्यापूर्वी त्या माणसाचे काम, त्याची जमीन व त्याची सोबत, यांपैकी काय कडेबाहेर जात आहे, हे एकदा पाहावे. जे जात आहे ते गेले तरी चित्र त्या माणसाचेच राहत असेल, तर खुशाल छेद द्यावा. रेणुकेच्या मुखासारखे तेही पूर्ण होईल. आजकाल मोबाइलच्या पडद्यावर चित्र आपोआप चौरसात किंवा वर्तुळात बसविले जाते. यंत्राला चेहरा शोधावयास शिकविलेले असते. हातातील रोपांची जुडी त्याच्या हिशेबी नसते. म्हणून मूळ चित्र अखंड जपून ठेवावे, म्हणजे निदान पुढच्या पिढीस दुसरा छेद देऊन पाहता येईल.

आणि येत्या आषाढात जे मुळशीस जातील, त्यांनी खाचरातील बाईची अनुमती घेऊन बांधावरून खाली उतरावे. पाय चिखलाने भरतील. परंतु तिच्या हातांच्या उंचीवर कॅमेरा आणण्यास दुसरा मार्ग नाही.