पाटी नसलेलं घर

मी मार्गासनीचा. नसरापूरहून येणारी ट्रेकर मंडळी आमच्या गावातून साखर-गुंजवण्याच्या रस्त्याला लागतात आणि राजगड चढतात. त्यामुळे वारसा म्हणजे मान वर करून बघायची गोष्ट, हे लहानपणापासून डोक्यात पक्कं. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने मराठ्यांच्या ज्या बारा किल्ल्यांना जागतिक वारसा ठरवलं, त्यांत राजगड आहे. त्यावर वाद नाही.

वाद सुरू होतो तो पुण्यात. नोकरीची पहिली दोन वर्षं मी डेक्कन जिमखान्यावरच्या एका बंगल्याच्या माडीवर भाड्याने राहिलो. घर १९३० च्या आसपासचं. बंगला म्हणायचं ते सवयीने. खाली चार खोल्या, वर दोन, पुढे व्हरांडा, मंगलोरी कौलं, मागे विहीर. यंदा तो पाडला. मी हळहळलो तेव्हा एक मित्र म्हणाला, "त्यात जपण्यासारखं काय होतं? कोण मोठा माणूस राहिला होता तिथे?"

आपण साधी घरं जपतो ती या एकाच कसोटीवर. मालगुंडला केशवसुतांचं घर, हिंगण्याला महर्षी कर्व्यांची झोपडी. ती जपली हे चांगलंच झालं. पण या पद्धतीत आपण घर वाचत नाही, दारावरची पाटी वाचतो. कर्व्यांचा अनाथ बालिकाश्रम १९०० साली गावाबाहेर हिंगण्याला गेला, त्यामागे पुण्यातला प्लेग होता. झोपडीसमोर उभे राहून आपल्याला कर्वे आठवतात, प्लेग आठवत नाही.

आणि उपनगरातलं साधं घर नीट वाचायचं तर सुरुवात प्लेगपासूनच करावी लागते. १८९६ च्या साथीनंतर मुंबईत १८९८ साली सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. दादर-माटुंग्याच्या आखीव वसाहती त्याच्याच योजनांतून उभ्या राहिल्या. पुण्यातही पेठा सोडून नदीपलीकडे घरं होऊ लागली. वाड्याचा चौक आत असतो, भिंती शेजाऱ्याला चिकटलेल्या. या नव्या घराने मोकळी जागा चारी बाजूंना काढून ठेवली, खिडक्या बाहेर उघडल्या. एकत्र कुटुंबातून निघालेली नोकरदार माणसं कर्ज काढून सहा खोल्यांत कशी राहू लागली, तेही इथेच दिसतं. माझ्या खोलीला तीन बाजूंनी खिडक्या होत्या. आता राहतो त्या फ्लॅटला एका बाजूने आहेत, आणि समोर दुसऱ्या इमारतीची भिंत.

कायद्याला हे अगदीच कळत नाही असं नाही. पुरातत्त्वाच्या केंद्रीय कायद्यात शंभर वर्षांची अट आहे. पण मुंबईच्या १९९५ च्या वारसा नियमावलीतली तिसरी श्रेणी परिसराला रूप देणाऱ्या, एखाद्या समाजाची राहणी दाखवणाऱ्या इमारतींसाठीच आहे. शब्द चांगले आहेत. तरीही २०१२ मध्ये शिवाजी पार्क परिसर वारसा यादीत घालायचं ठरलं तेव्हा रहिवाशांनीच विरोध केला. त्यांना दोष देणं मला जमत नाही. माझ्या घरमालकीण आजी ऐंशीच्या पुढच्या. दर पावसाळ्याआधी कौलं चाळायला माणूस मिळत नसे, मिळाला तर त्याची मजुरी त्यांच्या पेन्शनीत बसत नसे. दुरुस्तीचे पैसे न देता घरावर श्रेणीचा शिक्का मारणं म्हणजे म्हातारीला दंड करणंच.

म्हणून सगळी घरं राखा, असं मी म्हणणार नाही. माझ्या कामात आम्ही रोज जुना कोड काढून टाकतो. पण काय काढलं, कधी आणि का, याची नोंद राहते. घराला तेवढंही मिळत नाही. पाडण्याच्या परवानगीच्या फाइलीत नव्या इमारतीचा नकाशा बारकाईने तपासला जातो. त्याच फाइलीत जुन्या घराची मापं, खोल्यांची मांडणी, वीस-पंचवीस फोटो आणि राहणाऱ्यांशी तासभराचं बोलणं सक्तीचं करायला काय हरकत आहे? खर्च बिल्डरचा, नोंद सगळ्यांसाठी खुली. काही घरं मग नुसत्या नोंदीवर न थांबता राखावीशीही वाटतील. पण ती कोणती, हे पाहिल्याशिवाय कसं कळणार?

गावाकडचं आमचं मातीच्या भिंतींचं घरही यंदा पाडून तिथे स्लॅब टाकायचं ठरलंय. मी नाही म्हटलेलं नाही. गळक्या छपराखाली आई राहते, मी नाही. मागच्या रविवारी टेप घेऊन गेलो आणि पडवीपासून चुलीपर्यंत सगळं मोजलं. टेपचं दुसरं टोक आईने धरलं होतं. चुलीपाशी आल्यावर ती म्हणाली, "हे रं कशाला मोजतोस?" आणि मग, मी न विचारता, ती चूल कुणी घातली ते सांगू लागली.