लांबून पाहायचा समुद्र

पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या बोल्डर गावच्या टाउन हॉलमध्ये एक समुद्र टांगलेला आहे: इटलीतल्या नेपल्सचा उपसागर आणि मागे व्हेसुव्हियस ज्वालामुखी. १९०८ मध्ये हॉल बांधून झाला तेव्हा हा दर्शनी पडदा फिल गोचरने रंगवला. त्याचं आडनाव मराठी कानाला अर्थाचं वाटतं. गोचर, म्हणजे इंद्रियांना जाणवणारं. नसलेलं दाखवून देणं हाच या माणसाचा धंदा होता.

गोचर १८५१ मध्ये लंडनला जन्मला आणि जन्मभर नाटकगृहांमागे हिंडला. न्यूयॉर्कच्या वॉलॅक थिएटरसाठी त्याने काम केलं. १८९० मध्ये जे. सी. विल्यमसन या बड्या नाट्यव्यवस्थापकाने त्याला ऑस्ट्रेलियात आणलं. रेशीम आणि मखमल नुसत्या रंगांतून उभी करण्यात त्याचा हातखंडा होता. पुढे उतारवयात तो पर्थला स्थायिक झाला.

त्या काळी पडदे रंगवण्याची रीत समजली, तर या कलेची खुमारी कळते. लहान चित्रावर चौकटी आखायच्या, त्याच चौकटी कापडावर मोठ्या करून उतरवायच्या. कोरडी रंगपूड गरम सरसात कालवायची. हा रंग ओला असताना गडद दिसतो, वाळला की फिका पडतो. म्हणजे हात चालतो तो आजच्या रंगावर आणि डोळा ठेवायचा उद्याच्या रंगावर. त्यातून चित्रकार कापडापासून हातभर अंतरावर, तर प्रेक्षक पार शेवटच्या रांगेत. जवळून जो नुसता फराटा, तो तिथून लाट दिसायला हवा. तैलचित्राजवळ आपण कौतुकाने नाक नेतो. इथे तसं केलं की समुद्र आटतो आणि डाग उरतात.

हा समुद्र ज्या गावात टांगला, ते गावही लक्षात घ्यायला हवं. शेजारच्या कॅलगुर्लीत १८९३ मध्ये सोनं सापडलं आणि या रुक्ष मुलखात माणसं लोटली. सोनं होतं, पाणी नव्हतं. खाऱ्या तळ्यांचं पाणी उकळून, त्याची वाफ थंड करून मिळेल ते गोडं पाणी विकत घ्यायचं. १९०३ मध्ये पर्थजवळच्या मंडारिंग धरणातून, पाचशेहून अधिक किलोमीटरच्या नळाने, पाणी आलं. त्यानंतर अवघ्या पाच वर्षांत गोचरने या गावासमोर अख्खा उपसागर पसरला. दिवसभर खाणीच्या धुळीत राबून आलेल्या माणसाला नाटक सुरू होण्याआधीच केवढं तरी मिळत असेल! पडद्यावर खाण किंवा सोनं रंगवलं असतं, तर ते त्याला रोजचंच होतं.

इथवर हे रसग्रहण सुखाने संपलं असतं. पण बोल्डरच्या खाणींत खरेखुरे इटालियनही राबत होते. गोचर १९३१ मध्ये वारला. त्यानंतर, जानेवारी १९३४ मध्ये, एका इटालियन बारमनशी झालेल्या झटापटीनंतर एक ऑस्ट्रेलियन खाणकामगार मेला. जमाव उसळला. कॅलगुर्लीत आणि बोल्डरमध्ये इटालियन आणि स्लाव्ह लोकांची हॉटेलं, दुकानं, घरं जळाली. नेपल्सचा उपसागर ज्या गावाने आपल्या टाउन हॉलमध्ये मानाने टांगला, त्याच गावाला इटलीहून आलेला शेजारी नकोसा झाला.

यात पडद्याचा दोष नाही. पण हे कळल्यावर पडदा पूर्वीसारखा दिसत नाही. पडद्याची सगळी किमया अंतरावर उभी आहे. आगीचा डोंगर लांब असेल तर शोभा देतो, परका देश लांब असेल तर स्वप्न वाटतो. गोचर हे अंतर ओळखून होता. प्रेक्षक कुठे बसणार याचा हिशेब त्याच्या प्रत्येक फराट्यात आहे.

एकेकाळी मेलबर्न-सिडनीची नाटकगृहं सजवणाऱ्या माणसाचा हा पडदा खाणींच्या गावात टिकून राहिला, जपला गेला. तो पाहायचा तर आधी शेवटच्या रांगेतून पाहावा, समुद्र डोळे भरून घ्यावा. मग मधल्या वाटेने चालत पुढे यावं. पाणी विरत जातं, लाटांचे फराटे होतात आणि त्या फराट्यांत रंगवणाऱ्याचा हात दिसू लागतो.